तुमचे प्रश्न, ताईंची उत्तरं : घरातली बाई आणि हेरगिरी

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर झालं आणि त्याच महिन्यात हेरगिरीच्या आरोपाखाली देशात ठिकठिकाणी अटका झाल्या, त्यात बायकाही होत्या. तेव्हापासून या सदराकडे त्याच विषयावरची पत्रं येतायत, कुणी घाबरून लिहिलंय, कुणी उत्सुकतेनं. या वेळी सगळी जागा त्यालाच दिलीये. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, दुपारी सगळं आवरलं की मी गुप्तहेरांच्या कादंबऱ्या वाचत बसते. त्यात एखादी साधी घरातली बाई काहीतरी चुकून या जगात ओढली जाते असं असतं. आमचे मिस्टर म्हणतात की हे सगळं कागदावर, खऱ्यात असल्या कामाला ट्रेन केलेली माणसं लागतात, पोळ्या लाटणाऱ्या बाईला कोण विचारतंय. खरंच कुणाच्या बाबतीत असं झालंय का?
(एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : झालंय, आणि अगदी चुकूनच झालंय. ओडेट सॅन्सम नाव बाईचं. जन्म १९१२ चा, फ्रान्समधल्या आमियां गावचा, वडील पहिल्या महायुद्धात गेले. इंग्रज माणसाशी लग्न करून इंग्लंडला आली, तीन मुली झाल्या, दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर नवरा सैन्यात गेला आणि ही मुलींना घेऊन सॉमरसेटच्या खेड्यात राहायला लागली. १९४२ मध्ये ब्रिटिश नौदलानं रेडिओवरून लोकांना आवाहन केलं की कुणाकडे फ्रान्सच्या किनाऱ्याचे घरगुती फोटो असतील तर पाठवा. हिच्याकडे लहानपणीचे होते, तिनं तसं पत्र लिहिलं, पण पत्ता चुकला आणि ते नौदलाऐवजी युद्ध खात्याच्या ऑफिसात जाऊन पडलं. तिथून ते एसओई या गुप्त संघटनेकडे गेलं, त्यांना फ्रेंच बोलणारी माणसं हवीच होती, आणि बाईला बोलावणं आलं!

तिनं लगेच हो म्हटलं नाही. तीन मुलींना सोडून जायचं म्हणजे काय ते तुम्हाआम्हाला वेगळं सांगायला नको. शेवटी मुलींना कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात ठेवलं, ट्रेनिंग घेतलं (मिस्टरांचं एवढं बरोबर की ट्रेनिंग लागतंच) आणि नोव्हेंबर १९४२ मध्ये रात्री बोटीनं फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर उतरली. काम होतं निरोप, पैसे, रेडिओचे पार्ट इकडून तिकडे पोचवायचं. आता हे काम बाईलाच का, तर त्या वेळी जर्मन लोक तरुण फ्रेंच पुरुषांना जबरदस्ती मजुरीला जर्मनीत नेत होते, त्यामुळे रस्त्यात दिसलेल्या प्रत्येक पुरुषाचे कागद तपासले जायचे, पण पिशवी घेऊन ट्रेनमध्ये बसलेली बाई बाजारालाच निघालेली असणार असं धरून चालायचे. मिस्टर जे म्हणतात ना, पोळ्या लाटणाऱ्या बाईला कोण विचारतंय, नेमकं तेच कारण होतं तिला निवडायचं.

एप्रिल १९४३ मध्ये ती पकडली गेली. तिच्या पाठीवर डागण्या दिल्या, पायाची नखं उपटली, तरी साथीदारांचे पत्ते तिच्या तोंडून निघाले नाहीत. उलट तिनं शांतपणे खोटं सांगितलं की माझ्याबरोबर पकडलेला पीटर चर्चिल हा माझा नवरा आणि पंतप्रधान चर्चिलचा पुतण्या. तो नवराही नव्हता आणि पुतण्याही नव्हता, पण त्या एका आडनावामुळे जर्मनांचे हात आखडले. फाशीची शिक्षा झालेली असताना ती रॅवेन्सब्रुकच्या छळछावणीतून जिवंत परत आली. १९४६ मध्ये तिला जॉर्ज क्रॉस हा ब्रिटनचा शौर्याचा मोठा सन्मान मिळाला. १९९५ पर्यंत जगली.

आणि आपल्या रक्ताची नूर इनायत खान आहेच, टिपू सुलतानच्या वंशातली, युद्धाआधी लहान मुलांसाठी गोष्टी लिहायची. जून १९४३ मध्ये तिला रेडिओ ऑपरेटर म्हणून पॅरिसला पाठवलं. सप्टेंबर १९४४ मध्ये तिला डाखाऊच्या छावणीत गोळी घातली. मिस्टरांना हे दोन्ही वाचून दाखवा.

प्रश्न : ताई, माझे मिस्टर सैन्यात आहेत, कुठे ते लिहीत नाही. मी मुलं आणि सासूबाईंबरोबर सोलापुरात असते. फेसबुकवरच्या एका रेसिपीच्या ग्रुपात माझी एकीशी ओळख झाली, ती मूळची पुण्याची, आता दुबईला असते म्हणते, मला वहिनी म्हणते. शेंगा चटणी, कडक भाकरी असं काय काय विचारत विचारत बोलणं वाढलं. मग भाऊजींना गड्ड्याच्या जत्रेला सुट्टी मिळणार का, यायला किती दिवस लागतात, कुठून ट्रेन धरतात, त्यांच्याबरोबर अजून किती जण सुटीवर निघतात असं यायला लागलं. परवा म्हणाली की भाऊजींचा वर्दीतला फोटो पाठवा ना, पण क्वार्टरसमोरचा पाठवा, छान दिसतात. व्हिडिओ कॉल कधीच करत नाही. मला उगाच संशय येतोय का? सासूबाईंना सांगितलं तर मोबाईलच काढून घेतील.
(विजापूर रोड)

उत्तर : तुम्ही मला पोस्टिंग लिहिली नाहीत तिथंच मला कळलं की तुम्हाला आतून सगळं समजलंय. संशय उगाच नाहीये.

या कामात कुणीही सरळ येऊन गुपित मागत नाही. मागतात ते चिल्लर वाटणारं. सुट्टी कधी म्हणजे त्या युनिटची हालचाल आहे की नाही, ट्रेन कुठली म्हणजे ठिकाण साधारण कुठं, किती जण येतात म्हणजे संख्या, आणि फोटोत मागे दिसणारी इमारत, पाटी, गाडीचा नंबर. आपल्या सोलापुरी चादरीत एकेक धागा वेगळा काढून बघितला तर त्यात मोर नाही की फूल नाही, जॅकार्डच्या मागावर सगळे एकत्र आले की नक्षी उठते, तसं तिकडे कुणीतरी दहा वहिनींकडून आलेले दहा धागे एका मागावर लावतंय. म्हणून तुम्हाला वाटत राहतं की मी तर काहीच विशेष सांगितलं नाही, आणि खरंच तुमच्या एकटीच्या सांगण्यात काही विशेष नसतं.

फौजी माणसाला सोडून त्याच्या बायकोला गाठायचं कारणही सरळ आहे. जवानांना याबद्दल वारंवार सूचना मिळतात, सोशल मीडियावर त्यांना बंधनं आहेत. बायको मात्र घरात एकटी, नवरा महिनोन्महिने लांब, दिवसभर राबून रात्री कुणीतरी प्रेमानं "वहिनी जेवलात का" विचारतं, त्या विचारण्याची किंमत ज्यांनी एकटीनं घर चालवलंय त्यांना माहितीये. त्यात तुमचं काही वाईट नाही. वाईट ते आहे जे त्या एकटेपणाचा उपयोग करून घेतात, मला त्यांचा मनापासून राग येतो.

आता करायचं काय. तिला जाब विचारत बसू नका, भांडू नका, एकदम ब्लॉकही करू नका. आधी सगळ्या चॅटचे, तिच्या प्रोफाइलचे, नंबर असेल तर नंबराचे स्क्रीनशॉट काढा, आणि काही म्हणजे काही डिलीट करू नका, आपण लाजेपोटी पहिलं तेच करतो आणि मग आपल्या बाजूचा पुरावाच उरत नाही. तिनं कधी कुठलं अ‍ॅप टाकायला लावलं असेल किंवा लिंक पाठवली असेल आणि तुम्ही ती उघडली असेल तर तेही लपवू नका, कारण असल्या अ‍ॅपमधून फोनमधले फोटो, कॉन्टॅक्ट, लोकेशन सगळं जातं. मग मिस्टरांना सांगा, सरळ शब्दांत, आणि त्यांना त्यांच्या युनिटमध्ये रिपोर्ट करायला सांगा. तिथं यासाठी माणसं नेमलेली असतात आणि वेळेत सांगणाऱ्याकडे ते मदतीच्या नजरेनं बघतात. मिस्टरांशी लवकर बोलणं होणार नसेल तर थांबू नका, शहरात सायबर पोलिस ठाणं आहे, तिथं स्क्रीनशॉट घेऊन जा, बरोबर भाऊ किंवा एखादी मैत्रीण न्या.

कायद्याचंही सांगते, घाबरवायला नाही, माहिती असावी म्हणून. १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा अजून लागू आहे आणि त्यात संरक्षणाशी संबंधित हेरगिरीला १४ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शंका आल्याबरोबर स्वतःहून जाऊन सांगणारी बाई आणि पैसे घेऊन फोटो पाठवत राहिलेली बाई यांच्यात फरक केला जातो. तुम्ही आज पहिल्या बाजूला आहात.

सासूबाईंना मिस्टरांकरवी सांगा. तुम्ही सांगितलं तर मोबाईलचं भांडण होईल, मुलानं सांगितलं तर देशाचं काम होईल.

प्रश्न : ताई मी विड्या वळते, घरकुलात राहते. गल्लीतला एक पोरगा सगळ्या बायांना म्हणलाय की आधार कार्डावर सिम काढून द्या, पाचशे रुपये देतो, सिमसुद्धा तुमच्याजवळच ठेवा, फक्त एक नंबर येईल मेसेजमध्ये तेवढा मला सांगायचा. सिम आपल्याजवळच आहे म्हणल्यावर त्यात काय धोका? दोघीतिघींनी दिलं पण.
(विडी घरकुल)

उत्तर : धोका त्या मेसेजमधल्या नंबरातच आहे. व्हॉट्सअ‍ॅप सुरू करताना सिम त्या फोनमध्ये असावंच लागतं असं नाही, फक्त त्या नंबरवर आलेला ओटीपी टाकावा लागतो. म्हणजे सिम तुमच्या डब्यात सोलापुरात पडलेलं, आणि तुमच्या नंबरचं व्हॉट्सअ‍ॅप कुठंतरी दुसऱ्या देशात बसलेला माणूस चालवतोय. समोरच्याला भारतातला नंबर दिसतो, तो विश्वास ठेवतो. वरच्या पत्रातल्या ताईंना "वहिनी" म्हणणारे नंबर हे असेच तयार होतात! पाकिस्तानी हेरांना भारतीय नंबरांचे ओटीपी पुरवले म्हणून आपल्याकडे वेगवेगळ्या राज्यांत पोलिसांनी माणसं पकडली आहेत. आणि तपास सुरू झाला की पोलिस आधी कुणाच्या दारात येणार, तर ज्याच्या आधारवर सिम आहे त्याच्या. तो पोरगा तोवर सापडतो की नाही कोण जाणे.

पाचशे रुपये म्हणजे किती विड्या ते मला कळतं, म्हणून नुसतं "नका करू" म्हणून मोकळी होत नाही. ज्यांनी दिलंय त्यांनी लगेच ते सिम ज्या कंपनीचं आहे तिच्या दुकानात जाऊन बंद करून घ्या. संचार साथी नावाची सरकारी वेबसाइट आहे, त्यावर आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत ते दिसतं, आपला नसलेला नंबर तिथून कळवता येतो, घरातल्या शाळेत जाणाऱ्या लेकराला सांगा, पाच मिनिटांत करून देईल. आणि मग पोलिसांना सांगा, दोघीतिघी मिळून जा, एकटीनं जायला भीती वाटते म्हणून हे काम राहून जातं. युनियनची एखादी कार्यकर्ती बरोबर घेतली तर अजून बरं. फोनवरून पैशाची फसवणूक झाली असेल तर सायबर हेल्पलाइनचा नंबर १९३० आहे. १९३० सालीच मार्शल लॉ बघितलेल्या सोलापूरला हा आकडा लक्षात ठेवायला वेगळं सांगावं लागू नये.

प्रश्न : आमच्या बिल्डिंगमध्ये एक बाई भाड्यानं आल्यात, एकट्याच असतात, कुणात मिसळत नाहीत, हळदीकुंकवाला बोलावलं तरी आल्या नाहीत, रात्री उशिरापर्यंत फोनवर वेगळ्याच भाषेत बोलतात. आमच्या ग्रुपवर चर्चा चालू आहे की पोलिसांना कळवावं. तुमचं मत?
(होटगी रोड)

उत्तर : माझं मत स्पष्ट आहे, ग्रुपवरची चर्चा आजच्या आज थांबवा.

इंग्लंडमध्ये ग्रेट रोलराइट नावाचं खेडं आहे. १९४५ नंतर तिथं मिसेस बर्टन नावाची बाई राहत होती, तीन मुलं, सायकल, घरी केलेले केक, सगळ्यांशी गोड. ती होती उर्सुला कुझिन्स्की, सोव्हिएत लष्करी गुप्तचर खात्याची हेर, टोपणनाव "सोन्या". अणुबॉम्बच्या संशोधनातला शास्त्रज्ञ क्लाउस फुक्स याच्याकडून कागद घेऊन ते मॉस्कोला पोचवणारी हीच. १९४७ मध्ये ब्रिटिश गुप्तचर तिच्या घरी येऊन चौकशी करून गेले तरी हाती काही लागलं नाही, आणि १९५० मध्ये फुक्सवर खटला उभा राहायच्या बेताला ती धाकट्या दोन मुलांना घेऊन पूर्व जर्मनीला निघून गेली. शेजाऱ्यांना कधी संशय आला नाही कारण ती सगळ्यात मिसळत होती. बिचारी एकटी राहणारी, कमी बोलणारी बाई हेर असते हे डोक्यातून काढून टाका.

आणि वेगळी भाषा? अहो सोलापुरात! एका रिक्षात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू ऐकू येतं आपल्याकडे. त्या बाईंची नाइट शिफ्ट असेल, आई आजारी असेल, नवऱ्याशी पटत नसेल. भाडेकरूची नोंद पोलिसांकडे करणं हे घरमालकाचं काम आहे, ती झालीये का एवढं मालकांना विचारा. कुणी मिलिटरीच्या जागेचे, विमानतळाचे, रेल्वे यार्डाचे चोरून फोटो काढताना स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं तर ११२ ला फोन करा. पण भाषा, कपडे, धर्म, एकटेपणा यावरून कुणाला हेर ठरवलंत आणि ते ग्रुपवरून पसरलं तर एका बाईचं जगणं अवघड होईल आणि ते कुणालाच परत नीट करता येणार नाही. हळदीकुंकवाला आल्या नाहीत ना, मग वाण घरी नेऊन द्या.

प्रश्न : सासूबाई म्हणतात बायकांच्या पोटात तीळ भिजत नाही, असल्यांना हेर कोण करणार?
(साखर पेठ)

उत्तर : दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्कला जर्मनांचे गुप्त संदेश फोडायचं काम चालायचं, तिथल्या दर चार माणसांतल्या साधारण तीन बायका होत्या. १९७० च्या दशकापर्यंत तिथल्या बायकांनी तोंड उघडलं नाही, कित्येकींनी नवऱ्यालाही सांगितलं नाही, आईवडील तर काही न कळताच गेले. आणि आपल्याकडे उषा मेहता, ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत चोरून काँग्रेस रेडिओ चालवत होत्या, वय जेमतेम २२, पोलिसांना सापडू नये म्हणून जागा बदलत बदलत. नोव्हेंबरात पकडल्यावर महिनोन्महिने चौकशी झाली पण त्यांनी साथीदारांबद्दल काही सांगितलं नाही. सासूबाईंना प्रेमानं वाचून दाखवा. घरातल्या बायका किती गोष्टी पोटात ठेवतात हे खरं तर त्यांनाही माहितीये.

प्रश्न : माझी आजी सांगायची की तिच्या सासूनं मार्शल लॉच्या दिवसांत पिठाच्या डब्यातून निरोपाच्या चिठ्ठ्या नेल्या होत्या. घरात कुणी मनावर घेतलं नाही. आता आजी नाही. याला काही अर्थ आहे का?
(बाळीवेस)

उत्तर : फार मोठा अर्थ आहे. मे १९३० मध्ये आपल्या शहरात इंग्रजांची सत्ता काही दिवस चालली नाही, मग मार्शल लॉ लागला, आणि मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. ही चार नावं आपण चौकात वाचतो, वाचायलाच पाहिजेत. पण निरोप पोचवणाऱ्या, भाकरी पोचवणाऱ्या, दाराशी उभं राहून "घरात कुणी नाही" म्हणणाऱ्या बायकांची नावं खटल्याच्या कागदात येत नाहीत, कारण पकडलंच नाही तर कागद होणार कुठून. न सापडणं हेच त्या कामाचं यश, आणि त्यामुळेच त्या विस्मरणात गेल्या.

आजीनं जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवा. कुठली गल्ली, डबा पितळी होता की पत्र्याचा, चिठ्ठी कुणाकडे द्यायची, तिची सासू माहेरची कुठली. तुमच्या आत्या, मावशा, आजीच्या बरोबरीचं कुणी हयात असेल तर त्यांच्याजवळ बसा, मोबाईलवर रेकॉर्ड करा, थोडं इकडचं तिकडे झालं तरी चालेल, आधी उतरवा. बाकीच्या वाचकांच्या घरात असं काही ऐकलेलं असेल तर त्यांनीही आमच्याकडे पाठवावं, आम्ही छापू.

प्रश्न : माझी मुलगी बीएस्सी झालीये आणि तिला गुप्तचर खात्यात जायचंय. हे काय भलतंच. रस्ता तरी असतो का याला? मी ३३ वर्षांच्या माझ्या बहिणीसाठीपण विचारते, तिचा घटस्फोट झालाय, पदवीधर आहे.
(सात रस्ता)

उत्तर : भलतंच काही नाही, सरकारी नोकरी आहे. इंटेलिजन्स ब्युरोत असिस्टंट सेंट्रल इंटेलिजन्स ऑफिसर ग्रेड दोन या पदाची भरती केंद्रीय गृहखाते जाहिरात देऊन करतं, २०२५ मध्ये ३,७१७ जागा होत्या. कुठलीही पदवी चालते, वय १८ ते २७, राखीव प्रवर्गांना सवलत. लेखी परीक्षा दोन टप्प्यांत, मग मुलाखत. आणि बहिणीसाठी मुद्दाम सांगते, विधवा, घटस्फोटित आणि कोर्टातून विभक्त झालेल्या, पुन्हा लग्न न केलेल्या बायकांना खुल्या प्रवर्गातसुद्धा ३५ पर्यंत सवलत असते. जाहिरात निघाली की तिनं ती ओळ न् ओळ वाचावी. रॉ ही संस्था १९६८ ची, तिथं अशी खुली भरती होत नाही, मुख्यतः इतर सरकारी सेवांमधून अधिकारी घेतले जातात. म्हणून टेलिग्रामवर किंवा फोनवर कुणी "रॉमध्ये लावून देतो, इतके भरा" म्हणालं तर तो ठग आहे, आणि "देशासाठी गुप्त काम आहे, फक्त हा फोटो काढून पाठव" म्हणालं तर ठगाहूनही वाईट, दोघींनाही हे आधी सांगून ठेवा.